फ्रॅप

पोलरुअनच्या धक्क्यावर कॉफीवाल्या पोराने
गोंधळून बर्फाकडे हात नेला.
"तो फ्रापे," टॅमसिन ट्रेम्बाथ म्हणाली,
"माझ्या शब्दाचा चुलतभाऊ, शहरात जाऊन सुधारलेला.
मी फ्रॅप म्हणाले. या पोरीला. दोराबद्दल."

पोरगी म्हणजे केन्सा, तीन आठवड्यांची उमेदवार,
तळहातावरचे फोड अजून ओले.

दोन वासे शेजारी ठेव. सात वेढे दे.
हलव. हलतात ना?
आता तेच टोक वाशांच्या मधून काढ,
वेढ्यांनाच वेढा घाल, कंबर आवळ त्यांची,
मोगरीने ठोक, पुन्हा ओढ.
आता हलव.

हे शेवटचं, ते फ्रॅप.

भर वादळात जुनं जहाज फळीफळीने उसवू लागलं
की पोटाखालून दोरखंड घ्यायचे
आणि अख्खं जहाज गाठोड्यासारखं बांधून घरी आणायचे.
तिच्या पणज्याने आणलं होतं म्हणे एकदा.
पणज्याबद्दल ती बरंच काही म्हणायची.

रात्री केन्साने कोश उघडला.
जुन्या फ्रेंचमध्ये या क्रियापदाचा अर्थ: मारणे, तडाखा देणे.
मग एक बारीकसा बाण,
बाणापलीकडे: घट्ट बांधणे.
त्या बाणात कुणाकुणाचे हात राबले
ते काही दिलेलं नाही.

मला याचं फारसं नवल वाटलं नाही.
आपण गाठ मारतोच की.
मिठी मारतो.
दूर गेलेल्याला हाक मारतो,
आणि कुणाला लागत नाही.

"म्हणजे बांधणं हे मारणंच का?" केन्साने दुसऱ्या दिवशी विचारलं.
टॅमसिन सुतळीला मेण लावत राहिली.

घरी पास्को. चाळीस वर्षं बंदरात जहाजं आणली त्याने.
आता रात्री दोनला सपाता घालून भरती गाठायला निघतो,
दाराची कडी त्याला अजून आठवते,
बायकोचं नाव कधीकधी.
खुर्चीला लावायचे पट्टे मिळतात, नर्स म्हणाली.
"मिळत असतील," टॅमसिन म्हणाली, आणि तिला चहा दिला.

खणात एक जुनी दोरी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली.
त्याचं उजवं मनगट, तिचं डावं.
सात वेढे दिले.
मग सवयीने हात मधल्या फटीत गेला,
टोक ओवायला, आवळायला,
आणि तिथेच थांबला.
तेवढं राहू दिलं तिने. एक बोट सरकेल एवढं सैल.

रात्री दोनदा दोरी ताणली गेली.
दोन्ही वेळा तिने नुसती हाक मारली.

सकाळी तिच्या मनगटावर फिकट वळ होते.
केन्साला दिसले.
"ओहोटी कितीला?" तिने विचारलं,
आणि मोगरी उचलून पुढे गेली.