पासंग

भागुजी मुठाळ, लहवितचा. देवळालीच्या छावणीतून
खेचरांबरोबर बोटीत चढला, पाच वर्षांनी उतरला,
तो सरळ माझ्या दुकानात, तांबट आळीत,
संक्रांतीच्या आदल्या दिवशी.

ऐरणीवर नाणं ठेवलं त्यानं.
एका अंगाला मुकुट, दुसऱ्या अंगाला पानांची वेटोळी, मधे वीस.
"वाजवून बघ."
वाजवलं. फुटकं मडकं बरं वाजतं.
कानस मारली, जिभेला लावलं.
"हे नाणं नव्हे भागुजी. हे काडतुसाचं पितळ."
"असेल. भाता मीच ओढत होतो."

तेव्हा हातोडा खाली ठेवला मी.

टांगा म्हणून एक बंदर आहे, तो म्हणाला,
आपल्या टांग्याशी त्याचा संबंध नाही.
तिथं गोळीबारात आग्या मोहोळ उठलं.
साहेब ओरडला, जर्मनांनी माश्यासुद्धा पाळल्यात!
खेचरं सुटली, मी खेचरांमागे,
आणि शिरलो तो थेट त्यांच्या पंगतीत.
गोरे चारच. बाकी सगळे तिथलेच काळे शिपाई,
अस्करी म्हणत त्यांना,
मानेवर फडकं लोंबणारी टोपी, पोटऱ्यांना पट्ट्या,
नि मागोमाग बायकामुलं, कोंबड्या, उखळं.
बंदुका थांबल्या की मुसळं सुरू.

पुढं ताबोऱ्याला नेलं, आगगाडीनं.
समुद्रावर इंग्रजाचा पहारा, बाहेरून सुई येईना.
मग सगळं घरचं:
कापड झाडाच्या सालीत रंगवायचं,
जखमेलाही सालच बांधायची,
पाणघोड्याची चरबी दिव्याला, तीच भाकरीला,
हरणाच्या कातड्याचे बूट, वाळले की चावणारे.
तापावर काढा इतका कडू
की गोरा डॉक्टर पहिला घोट स्वतः घेई
आणि त्याचं तोंड बघून अख्खी रांग हसे.
शेवटी पैसेही संपले.
रेल्वेच्या कारखान्यात रिकाम्या काडतुसांच्या टोपल्या वितळत,
ठप्पे पडत धाडधाड.
"आपल्याच माणसांवर झाडलेली असतील त्यातली काही."
मी विचारलं नव्हतं.

मासांजा नावाचा अस्करी माझ्यावर पहाऱ्याला.
दुपारी कंटाळला की
बंदूक मलाच धरायला देऊन आळस द्यायचा.
त्याची बायको गवत जाळून राख उकळायची,
तळाशी जे पांढरं उरे ते मीठ.
तेवढं पोराच्या ताटात.
ओझी वाहणाऱ्या हमालांना तेही नाही.
ते वाटेत टेकत, आणि टेकलेलेच राहत.
त्यांना कुठल्या वहीत मांडलेलं मी पाहिलं नाही.

गाव सोडून जायच्या रात्री मासांजानं
हे माझ्या मुठीत दाबलं:
तुझ्या गावात मीठ मिळतं ना? याचं घे.

"मेन रोड फिरलो. सराफ हसला.
वाणी म्हणाला, हा कुठला राजा?
तू तरी मोडीत घे."

"मोडीत? पासंगालाही पुरायचं नाही हे,"
मी बोलून गेलो.

बायको आतून ऐकत होती.
ओंजळभर खडेमीठ घेऊन आली, केळीच्या पानात.
काही बोलली नाही.

गंगेवर गेलो दोघं. थंडी मरणाची.
गुरुजी पुढं आले: कोणाचं? कधी गेले?
"गेला की आहे, तेच ठाऊक नाही."
गुरुजी दुसऱ्या यजमानाकडे वळले.

भागुजी गुडघाभर पाण्यात उतरला, मूठ उघडली.
एक खडा तेवढा तोंडात टाकला
आणि चघळत उभा राहिला, बराच वेळ,
दात वाजत होते तरी.

नाणं माझ्याकडेच राहिलं.
माझ्या तराजूचं डावं पारडं वडिलांच्या वेळेपासून हलकं.
त्याला बांधलं, काटा मधोमध आला.

गिऱ्हाईक विचारतं, हे काय लोंबतंय?
मी म्हणतो, उधारी आहे एकाची.