तीन औंस

पाइनडेलच्या पोस्टात एकतीस वर्षं
व्हर्लानं लोकांची पत्रं तोलली.
आता घरी, तसल्याच काट्यावर
नळी. गाळणी. हातानं शिवलेली नायलॉनची पिशवी.
चिमटा जड, म्हणून बाद;
गाठ पुरे.

पंप होता ऑरिनचा.
तळ्याकाठी उकिडवा बसून हापसायचा,
लिटरमागे एक शिवी.
व्हर्ला पिशवी पाइनच्या फांदीला टांगते,
नळी खाली सोडते
आणि काही करत नाही.
पाणी आपल्याच वजनानं उतरतं,
गढूळ वर राहतं.
एवढंच होतं रे, ऑरिन.

रात्री तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरते.
गाळणी एकदा गोठली की आतून तडकते,
बाहेरून काही कळत नाही.
पाणी येतच राहतं, तेवढंच नितळ,
फक्त भरवसा गेलेला.
सूचनांच्या कागदावरची ही ओळ
तिला दुसऱ्यांदा वाचावी लागली नव्हती.

लोकरी मोज्यात गुंडाळून ती गाळणी पोटाशी घेते,
स्लीपिंग बॅगची चेन हनुवटीपर्यंत ओढते.
बाहेर तंबूचं कापड कडक होत जातं.

सुकी असताना तीन औंस.
ओली कधी तोलली नाही.