संदूक

मासळीबाजारामागच्या गोल चौकात
पहाटे पावणेपाचला आम्ही अकरा जण.
बेन्सी टायर दाबून बघतोय, टेकबहादूर केळी वाटतोय,
इम्तियाज परकार पावतीपुस्तक पोटाशी धरून दटावतोय,
"क्लबाचा शिक्का आहे यावर. भिजवू नका कोणी."
सोहार झोपलेलं.
बंदराकडचे दिवे तेवढे जागे,
तुझ्या क्रेनवरचा लाल ठिपकाही.
आता तिथे कोण चढतो, मी विचारलं नाही.

सायकल तुझीच. सीट चार बोटं खाली.
दांड्यावर तू रंगाने ओढलेली उंचीची खूण
त्यामुळे नळीच्या आत गेली.
दिसत नाही. आहे.

शेहेचाळिसाव्या वर्षी शिकले, प्रफुल्ल,
रात्रपाळी संपल्यावर, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये.
दोनदा पडले. त्यातली एकदा
थेट अ‍ॅम्ब्युलन्सच्या उघड्या दारात.
ड्रायव्हर म्हणाला, सिस्टर, आज पेशंट का?

तू सहा दिवस कंटेनर उचलायचास
आणि सुट्टीच्या दिवशी मेलेल्यांचे कागद.
पोलिसांचं पत्र, दूतावासाचा दाखला,
शवागारातली सही, मालकाची सही,
जी कधीच वेळेवर मिळायची नाही.
कुणी सिवानचा प्लंबर, कुणी सिल्हेटचा माळी,
एक खेडचा वेल्डर, ज्याच्या आईला
तू फोनवर नुसतंच "हो, हो" म्हणत होतास.
"विमानात माणूस किलोवर जातो,"
एकदा जेवताना बोललास.
मी ओरडले, ताटावर नको.

मग तुझीही फाईल झाली.
खोकं इम्तियाजने निवडलं.
किलो मी विचारले नाहीत.
पावतीवर होते.

शिनासपर्यंत जायचं होतं, साठेक किलोमीटर,
दर किलोमीटरमागे कुणी ना कुणी कबूल केलेले पैसे.
डावीकडे खारट पाण्याने वाळत चाललेल्या खजुरी,
उजवीकडे समुद्र, भाकरीच्या तव्यासारखा करडा.
लिवाच्या पुढे, खारफुटीपाशी,
मागचं चाक बसलं.
मी सगळ्यांच्या मागे. हाक पोचली नाही.

ट्यूब काढली तर तिला सात ठिगळं.
सात! चिकट माणसा,
दीड रियालला नवी मिळते.
मी रस्त्याच्या कडेला बसून हसले,
आणि बराच वेळ उठलेच नाही.

पिकअप थांबली. मागे तीन शेळ्या.
म्हाताऱ्याचं नाव खमीस,
म्हणजे गुरुवार, आणि भेटला शुक्रवारी.
तरुणपणी मुंबईहून लग्नाचं कापड आणलेला,
तेवढ्या हिंदीवर आमचं चाललं.
सायकल त्याने शेळ्यांत आडवी घातली.
मी पुढे बसेना. मागेच बसले,
चाकाला हाताने धरून.

उतरताना त्याने विचारलं, हे कशासाठी?
मला शब्द सापडेनात.
पैसे गोळा करणं. परत पाठवणं. घरी.
शेवटी म्हटलं, संदूक,
आणि दोन्ही हात पसरून लांबी दाखवली.
"ऐवा, संदूक," म्हणाला,
आणि खिशातून पाच रियाल काढले.

त्यांच्या भाषेत निधीलाही संदूकच म्हणतात,
हे इम्तियाजने मागाहून सांगितलं.
मग त्याला माझं कुठलं कळलं?
हातांकडे तर तो बघत होता.

इम्तियाज माझ्या नावापुढे साठ लिहीत होता.
मी एकोणचाळीस करायला लावले.
भांडलो. टेकबहादूर मध्ये पडला, मुकाट्याने केळं दिलं.
खमीसच्या पावतीचा कोपरा शेळीने खाल्ला.
शिक्का शाबूत आहे.

रात्री घरी, बादलीत पाणी घेतलं.
आठवं ठिगळ मी लावलं, तुझ्याच डबीतल्या सोल्यूशनने,
तळाशी जेमतेम उरलेल्या.
ट्यूब बुडवून धरली आहे.
एका जागी अजून बुडबुडे येतायत.
थांब, पुन्हा घासते.