चौदा नंबर

पहिले तीन आठवडे
तो चपला काढून भिंतीला समांतर ठेवायचा,
ताट धुऊन उभा राहायचा
कुणीतरी तपासेल म्हणून.
पाणी प्यायलाही विचारायचा.

फाईलमध्ये लिहिलंय: स्वारगेट,
सातारा गाड्यांचा फलाट,
वय अंदाजे दीड, पिवळा स्वेटर,
मुठीत भिजलेलं बिस्किट.
जन्मतारीख म्हणजे सापडल्याची तारीख.
नाव ड्यूटीवरच्या हवालदारानं ठेवलेलं, निनाद,
कारण पोरगं रडतच नव्हतं.

बनियनच्या गळ्याशी लाल दोऱ्यानं चौदा.
उसवायला मी कात्री घेतली
तर म्हणाला, असू दे,
नाहीतर दुसऱ्याला जातं.

काल धानोरीत रात्रभर लाईट नव्हती.
अंधारातून आवाज आला:
इथे अजून किती जण झोपतात?
तू, आणि पलीकडच्या खोलीत आम्ही दोघं.
बराच वेळ काही नाही.
मग, भीती वाटली तर कुणाला उठवायचं?
मला, म्हटलं.
त्यानं उठवलं. रात्रीतून तीनदा.
भीतीबिती काही नव्हती,
बघत होता.

सव्वीस तारखेला समितीच्या बाई येणार आहेत
घर बघायला.
सोफ्याखाली एक चप्पल पालथी पडलीये,
दुसरीचा पत्ता नाही.

मी शोधत नाहीये.