अभिप्राय

फॉर्मवर तीन चौकोन: आवडला. बरा. नाही आवडला.
खाली शेऱ्यासाठी दीड ओळ.
वनविभागाने प्रोजेक्टर दिला, बॅटरी दिली,
सिनेमा दिला ड्रॅगनशी मैत्री करणाऱ्या मुलीचा,
आणि म्हटलं, बघणाऱ्यांची मतं घेऊन ये.

कोसमबोडीच्या शाळेला कोरी भिंत नव्हती.
होती तिच्यावर जिल्ह्याचा नकाशा रंगवलेला.
म्हणून ड्रॅगन उडाला तो मूलवरून,
सिंदेवाहीला वळला,
आणि पहिली आग ओकला नागभीडवर.
पोट्ट्यांनी टाळ्या कुटल्या.
नागभीडला लेक दिलेले दोघं-तिघं
तेवढे गप्प राहिले.

शेवटची वीस मिनिटं उरली असताना बॅटरी बसली.
नकाशा परत नकाशा झाला.
मी टॉर्च तोंडात धरून फॉर्म काढला.

पत्रू शेंडे म्हणाला,
थे पोट्टी त्याले टोपलीभर मासे चारते रोज.
बोडी कोनाची? ठेका कोनाच्या नावावर?
थे दाखवाच लागत होतं.

शेवंताबाईला ड्रॅगनचं काही नव्हतं.
पोरीची माय कुठी आहे गा?
इतकी उन्हातान्हात फिरते,
एकडाव कोनी जेव म्हनाले आलं नाही.

दिवाकर गेडाम गावच्या प्रतिसाद दलात आहे,
शिट्टी गळ्यातच असते त्याच्या.
अंतर चुकलं, म्हणाला. बस.
आणि शिट्टी शर्टात घातली.

सोमाजी कुमरे बराच वेळ चुना मळत बसले.
मग म्हणाले, मैत्री कायले?
थो भाऊ लागते आपला.
भावासंगं मैत्री नाही करा लागत, बाबू,
हिस्सा द्या लागते.
हे दीड ओळीत बसेना,
मी फॉर्म उलटा केला.

तिसरीतला लोभेश माझी बाही ओढत होता.
सर, तिनं नाही पोसलं त्याले.
मले वाटते त्यानंच तिले पोसलं.
चौकोन कोणता, विचारलं,
तर म्हणाला, तिन्ही.

यमुनाबाई मोहुर्ले हापशीजवळ उभी होती,
सगळ्यांच्या मागे, पदर दातात.
पुढे खुर्ची दिली होती, बसली नाही.
तीन वर्षांपूर्वी मोहाच्या दिवसात
तिचा नवरा जंगलातून आला नाही,
आणि तो का आला नाही
हे मला माझ्या खात्याच्या कागदावरून माहीत आहे.
तिला विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं.

तीच बोलली.
डोरे बरोबर काढले.
कुठले, मावशी?
थो पानी पेते अन मान वर करून तिच्याकडे पायते, थे.
राग नाही. माया बी नाही.
पायते, अन परत पानी पेते.
बाकी सारं खोटं आहे.

नाल्यावर पाह्यला होता मी त्याले, म्हणाली,
मंग एकडाव.
एवढं बोलून तिने हापशी मारली,
दोन हाताच्या जागी पाच-सहा,
घागर आधीच भरलेली होती.

मी लिहिलं: डोळे बरोबर काढले आहेत.
तिच्या र चा ळ केला,
साहेबांना वाचता यावं म्हणून.
चौकोन तसाच ठेवला.

निघताना पोट्टे मोटरसायकलला झोंबले.
शेवट सांगा नं, सर.
शेवट मला ठाऊक होता, तिनदा पाहिलेला.
बॅटरी भरून आणतो, म्हटलं,
आणि प्रोजेक्टर पाठीला आवळला.

रस्त्यात बांबूचं ते वळण आहे,
जिथे खात्याने पाटी लावली आहे.
हेडलाइटमध्ये पाटीवरचे डोळे आधी दिसतात,
चित्रकाराने काढलेले, लाल, चुकीचे.
मी गाडी हळू केली.
क्षणभर वाटलं, न वाजवताच जाऊन पाहावं.

मग हॉर्न वाजवला.
वळणाच्या अलीकडे एकदा,
आणि पलीकडे, कोणी नसताना,
बराच वेळ.