लंगड्या जॉबरची पोरगी

माझा बाप देव होता, हे मला सातवीत कळलं.
त्याआधी तो फक्त जॉबर होता,
अशोक चौकामागं यंत्रमाग दुरुस्त करणारा,
एका पायानं लंगडा,
आणि मे महिन्यात लाईट गेलेल्या एका रात्रीनंतर
कधीच न दिसलेला. त्याचा पाना तेवढा घरात राहिला.
आईनं नाव विचारलं नव्हतं.
"माग चालू झाला होता ना," ती म्हणते,
आणि पुढची विडी वळते.

तवा मी चिमट्याशिवाय उतरवते.
हजेरीत भाग्यलक्ष्मी येमूल. आडनाव आजोबांचं.

माल्या हत्तरगीचा बाप तिकडच्या देवांचा निरोप्या.
माल्याचे बूट मंगळवार बाजारातले, दीडशेचे,
पण पळायला लागला की टाचेजवळ काहीतरी फडफडतं.
ते समुद्रापलीकडचे, ग्रीक, हे त्यानंच सांगितलं.
मी म्हटलं, आपल्याकडं मार्कंडेय आहे, सिद्धेश्वर आहे,
ह्यांना सोलापुरात बोलावलं कुणी?
"देव एकटे येत नाहीत बे," माल्या म्हणाला,
"त्यांची भांडणं पण मागं मागं येतात."

अक्कलकोट रोडच्या बंद सूतगिरणीत
आधी कबुतरं संपली.
मग कुत्री. मग रात्रीचे वॉचमन श्रीशैल मामा,
त्यांची फक्त बॅटरी सापडली, चालू.
सोमवारी माल्या बघायला म्हणून आत गेला.
मी त्याच्यामागं, हातात आजोबांचा धोटा,
लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड.

आत अंधार नव्हता. सूत होतं.
छतापासून बीमपर्यंत, बीमपासून भिंतीपर्यंत,
आणि मधोमध माल्या, उलटा, कोकडीसारखा गुंडाळलेला.
ती वर होती.
आठ पाय, आणि त्यांच्या मुळाशी बाईचं तोंड,
माझ्या आईएवढ्या वयाचं,
भुवयांवर तसलाच कापसाचा भुगा.
"विणतेस?" तिनं विचारलं.
मी धोटा उचलला.

आणि ती आक्रसली.
सगळेच्या सगळे पाय पोटाशी, मान आत,
हात असते तर डोक्यावर घेतले असते.
गोष्ट मला माल्यानं सांगितली होती, घाईत, निम्मी:
हिचं कापड देवीपेक्षा सरस निघालं,
देवीनं ते टराटरा फाडलं,
आणि धोट्यानंच हिच्या कपाळावर, पुन्हा, पुन्हा.
ऐकताना मी हसले होते.

हात वरच राहिला.
मारता येईना, खाली आणता येईना.
श्रीशैल मामांची पोरगी बालवाडीत आहे.
हे मी विसरले नव्हते. अजून नाही.

मग माझं लक्ष तिच्या कापडाकडं गेलं.
डाव्या काठाला ताण्यातला एक तार तुटलेला,
तिथून पुढं सगळी वीण चुकत गेलेली,
हात हात, वार वार, किती वर्षांची कोण जाणे.
आठ पाय, पण बोट एक नाही.
गाठ मारणार कशानं?

धोटा खाली ठेवला. जवळ गेले.
तिच्या तोंडाला जुन्या खळीचा वास.
थुंकी लावून दोन्ही टोकं पिळली, गाठ मारली,
दातानं शेपूट तोडलं.
ती बराच वेळ गाठीवरून पाय फिरवत राहिली.
"मजुरी?"
"ह्याला सोड. आणि माणसं नाहीत. उंदीर खा."

माल्या दाणकन पडला. एक बूट वरच अडकला.
तिनं दिला नाही, मी मागितला नाही.

घरापर्यंत तो लंगडत आला,
एका टाचेला फडफड, दुसरी डांबरावर पोळत.
मागून बघताना वाटलं,
बाप असाच गेला असेल.

"एक्कड पोयिनावे?" आई ओरडली.
पाच दिवसांनी नळ आला होता, घागरी तशाच.
मी पाइप लावला. डोक्यात एकच, गाठ धरेल ना?
एका गाठीवर माग किती दिवस चालतो, आजोबांना विचारलं.
"कुणी मारलीय त्यावर," ते म्हणाले.

मंगळवारी बघून यायचं.
पाना घेऊन.
धोटा पण.