थिरथिरा

करवंटीला तीन भोकं पाडून
सुतळीनं टांगली, बाजरी घातली.
सहकारनगरात थंडी उतरली की
तळजाईवरून कुणी ना कुणी येतंच.
आधी चिमण्या, भांडकुदळ.
मग बुलबुल: पपईची फोड
अर्धी पोटात, अर्धी खाली
सिधयांच्या स्कूटरवर.

हा मात्र दाण्याला शिवत नाही.
हिमालय ओलांडून आलेला,
मुठीएवढा, विटकरी पोटाचा,
कुंडीच्या काठावर बसून
शेपटी थरथरवतो नुसती
आणि तुळशीतली मुंगी टिपतो.

वहीत लिहिलं: यंदा अकरा नोव्हेंबर.
गेल्या साली चार होती.
आठवडाभर कुठं अडकला होतास रे?

खालून सिधये ओरडले.
फडकं घेऊन उतरलो,
सीट पुसता पुसता वर पाहिलं तर
कठड्यावरून, मान तिरकी करून,
तो माझ्याकडे बघत होता,
तारीख टिपून घेतल्यासारखा.